दहाची मोटर, दोन इंची पाइप

टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन टर्बो ठेवले होते. एक नारळाएवढा, दुसरा भोपळ्याएवढा. तेजूनं काही न विचारता भोपळ्यावर हात ठेवला.

"आजी, हाच."

"अगं, जरा बघशील तरी? स्थळ आल्यावर नुसती उंची बघून हो म्हणावं, तसं करतीयेस."

"उंचीच बघायचीय. विक्रमदादानं ह्याच्यापेक्षा एक साइज लहान बसवलाय."

झालं. मी जे विचारणार होते त्याचं उत्तर मिळालं.

तेजू म्हणजे राहू गावातल्या गुऱ्हाळवाल्या आप्पांची मुलगी. वय अठ्ठावीस. नोकरी रांजणगाव एमआयडीसीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. सुट्टीच्या दिवशी मुरमाच्या मैदानावर रबरी कोन मांडून त्यांच्यामधून गाडी पळवायची, हा तिचा छंद. ह्या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. एकेक गाडी सोडतात, घड्याळ लावतात, कोन पाडला की सेकंद वाढवतात. विक्रम तिचा सख्खा चुलतभाऊ. बांधाला बांध. तोही तेच करतो.

आमचं वर्कशॉप चौफुल्याला. ट्रक, ऊसतोडणीचे हार्वेस्टर, पिकअप, सगळ्यांचे टर्बो दुरुस्तीला येतात. टर्बोचा तोल बघायचं बॅलन्सिंग मशीन माझी सून वैशाली चालवते. मी हल्ली सल्ला देणे आणि चहा पिणे ह्या डिपार्टमेंटला असते. त्याआधी सव्वीस वर्षं एका कारखान्यात टर्बोच्या टेस्ट बेंचवर होते.

टर्बो म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो, त्याला टर्बाइन म्हणायचं. दांडा एकच असल्यामुळं दुसराही फिरतो. तो बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतो, तो कॉम्प्रेसर. जास्त हवा गेली की जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. ह्या ढकललेल्या हवेच्या दाबाला बूस्ट म्हणतात. दांडा मिनिटाला लाखाच्या वर चकरा मारतो. म्हणून सगळं नाजूक काम.

आता तेजूचं काय पणाला लागलं होतं ते. तीन आठवड्यांनी न्हावऱ्याच्या पुढं माळावर मोठी ऑटोक्रॉस होती. पुण्याची एक टीम तिथं ड्रायव्हर बघायला येणार होती. सीट एकच. पुढचा सगळा सीझन त्यांची गाडी, त्यांचे मेकॅनिक, आपण फक्त गाडी चालवायची. आणि तेजूकडं इंजिन एकच. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन तिनं दोन वर्षं सुट्ट्या घालवून, आतून बाहेरून नवीन पार्ट टाकून बांधलं होतं. "हे फुटलं तर परत बांधणार नाही आजी," ती म्हणाली, "तेवढं अंगात राहिलं नाही." म्हणजे टर्बो चुकला तर सीट जाणार, नाहीतर इंजिन जाणार.

आणि ती निवडत होती चुलतभावाकडं बघून.

हे आमच्याकडं नेहमीचंच. आमच्या भागात एचपी मोजत नाहीत, एचपीवरून नातं मोजतात. चुलत्यानं नदीवर पाचची मोटर टाकली की पुतण्या साडेसातची टाकतो. मग चुलत्याला झोप लागत नाही, तो दहाची आणतो. पाणी तेवढंच, ऊस तेवढाच, पाइप आजोबांनी टाकलेला. तेजूच्या पिढीनं मोटर सोडून गाडी धरली, एवढाच फरक. विक्रमनं डायनोचा कागद ग्रुपवर टाकला होता. डायनो म्हणजे गाडीची चाकं फिरत्या रोलरवर ठेवून ताकद मोजायचं मशीन. त्यावर आकडा होता दोनशे साठ. तेजूला दोनशे नव्वद पाहिजे होते.

मी तिला हसले नाही. हसायचा मला हक्क नाही. मी ह्यापेक्षा मोठा गाढवपणा केलेला आहे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. कारखान्यात लागून जेमतेम दोन वर्षं. पण त्या वेळच्या मंगलचा थाट बघायला पाहिजे होता. खिशाला दोन पेन, निळं आणि लाल. खुटबावला सासरी आली की जेवताना सासूबाईंना 'मिसमॅच' आणि 'टॉलरन्स' असले शब्द ऐकवायची. त्या माउलीनं कधी हसून दाखवलं नाही, हे त्यांचे उपकार. आमच्या मालकांची वडापची जीप होती. खुटबाव ते केडगाव, मागं दहा-बारा माणसं, टपावर पाट्या. मंगलला वाटलं, आपण टर्बोतल्या, आणि नवऱ्याची जीप बिनटर्बोची? शोभतं का?

तिनं पुण्याच्या जुन्या बाजारातून ट्रकचा टर्बो आणला. मोठ्यातला मोठा. गावातल्या फिटरकडून दोन रविवार घालवून जीपला बसवून घेतला. मालक बिचारे म्हणाले, "मोठा न्हाई ना व्हणार?" मंगल म्हणाली, "तुम्हाला ह्यातलं काय कळतं?"

ट्रकचा पंखा फिरवायला ट्रकचा धूर लागतो. जीपचा धूर तो कुठून पुरणार? पंखा हलेना. उलट धुराची वाट अडली. आधी धावणारी जीप आता रांगायला लागली. कालव्याच्या पुलाचा चढ म्हणजे पुरुषभर उंच, तिथं रोज माणसं खाली उतरून ढकलायची. एक गुरुजी रोज त्याच जीपनं जायचे. ते एकदा हात झटकत म्हणाले, "मंगल, इंजिन काढून टाकलंय का?"

त्याच सुमाराला गावच्या यात्रेला मी आमच्या शेखसाहेबांना जेवायला बोलावलं. ते दौंडचे. टेस्ट बेंचचे सुपरवायझर, माझे बॉस. पांढरा झब्बा घालून आले. केडगावहून आमच्याच जीपमध्ये बसले. कालव्याच्या चढावर सगळे उतरले, तसे तेही उतरले. झब्ब्याच्या बाह्या वर करून त्यांनीही ढकललं. वर आल्यावर वाकून खाली बघितलं. टर्बो दिसला. मग परत जीपमध्ये बसले.

जेवण झाल्यावर मला म्हणाले, "चल, सासऱ्यांची विहीर दाखव."

विहिरीवर पाचची मोटर होती. साहेबांनी विचारलं, "दहाची का नाही बसवली?"

"दहाची कशाला साहेब? पाइप दोन इंची आहे. एवढं पाणी जाणार कुठून? पाइप नुसता धडका मारील."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? शेतकऱ्याच्या घरात वाढलेय."

"मग बेटा, जीपला एवढा मोठा पंखा लावताना घर कुठं विसरलीस?"

एवढंच. नंतर त्यांनी बांधावर काठीनं एक आकृती काढली. तिला कॉम्प्रेसर मॅप म्हणतात. कांदा आडवा कापल्यावर एकात एक गोल दिसतात, तशी असते. तळाशी हवा किती जाते ते, उभ्या बाजूला दाब किती ते. मधल्या गोलात काम करायचं. डाव्या काठाच्या बाहेर गेलं तर सर्ज. म्हणजे पंखा हवा दाबतोय, पण इंजिन तेवढी घेत नाही. मग दाबलेली हवा उलटी फिरते आणि पंख्यावरच आदळते. पुन्हा जाते, पुन्हा परत येते. सेकंदाला कितीतरी वेळा. पंख्याच्या दांड्याला तो मार बसतो. "मोठी मोटर, बारीक पाइप," शेखसाहेब म्हणाले, "ह्यापलीकडं त्यात काही नाही. बाकी सगळं इंग्रजी आहे."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. एखाद्यानं जन्मभर सांगितली असती. मला त्यांनी मॅप वाचायला बसवलं. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास. आज चौफुल्याला जे वर्कशॉप उभं आहे, ते त्या अर्ध्या तासांवर उभं आहे.

तर तेजूला मी हे सगळं सांगितलं. ती खूप हसली. आणि म्हणाली, "पण माझं इंजिन जीपचं नाही, आजी."

"म्हणून तर विचारतेय. आधी लॉग आण. तुझं इंजिन मैदानावर कुठं राहतं ते बघू."

लॉग म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर सेकंदासेकंदाला लिहून ठेवतो ते. इंजिन किती चकरा मारतंय, पाय किती दाबलाय, बूस्ट किती. तेजूनं सरावाचे दहा राउंड मारून लॉग आणला. वैशालीनं लॅपटॉपवर उघडला.

"आई, हे बघा. हिचं इंजिन अठ्ठावीसशे ते पाच हजाराच्या मध्येच आहे. सहा हजाराच्या वर सगळ्या राउंडमध्ये मिळून दोनदा गेलंय. आणि पूर्ण पाय दाबलेला कधीच तीन सेकंदांच्या वर नाही."

भोपळ्याएवढा टर्बो जागा होणार साडेचार हजाराला. म्हणजे वळण सुटल्यावर तेजू पाय दाबणार, वाट बघणार, आणि ताकद येईपर्यंत पुढचं वळण येणार. सरळ हायवेवर तो टर्बो राजा. कोनांच्या गर्दीत त्याचा काही उपयोग नाही.

"मग नारळाएवढा बसव," मी म्हणाले.

"त्यानं किती येतील?"

"दोनशे वीस."

तिचं तोंड असं झालं की बघवेना. "विक्रमदादाचे दोनशे साठ आहेत, आजी."

इथं खरं तर मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मागच्या वर्षी कुणीतरी माझा व्हिडिओ काढला होता, 'टर्बोवाल्या आजी' म्हणून. तेव्हापासून लांबलांबून पोरं येतात, पाया पडतात, फोटो काढतात. आलेल्या पोराला 'नाही' म्हणून पाठवायला जिवावर येतं. मी म्हणाले, "मधला मार्ग काढते. टर्बाइन सध्या तुझ्या गाडीवर आहे त्या टर्बोचंच लहान ठेवू, म्हणजे लवकर जागं होईल. कॉम्प्रेसरचा पंखा मोठा बसवू, म्हणजे वर ताकद मिळेल. हायब्रिड."

तेजूचे डोळे चमकले. वैशालीचे नाही चमकले. तिनं मॅपवर पेन्सिलीनं एक ठिपका काढला.

"आई, तीन हजाराला हा पॉइंट डाव्या रेषेवर येतोय."

"रेषेवर आहे ना? बाहेर तर नाही?"

"काठावर आहे."

"काठावर माणसं आयुष्य काढतात. मी टेस्ट बेंचवर सव्वीस वर्षं काय केलं गं?"

सुनेनं पेन्सिल खाली ठेवली. माझ्या खिशाला त्या वेळी दोन पेन नव्हते, एवढंच. बाकी चोवीस वर्षांची मंगल जशीच्या तशी खुर्चीत बसलेली होती.

चौथ्या दिवशी हायब्रिड तयार झाला. डायनोवर दोनशे पंचावन्न आले. तेजूनं कागद ग्रुपवर टाकला. पुढचे दोन-तीन दिवस ती कामावर जाता-येता गाडी चालवत होती. रविवारी मला फोन. "आजी, राहूला या. तुम्हाला गाडीत बसवून दाखवते. आणि आवाज ऐका तिचा."

वैशालीनं मला सोडलं. गुऱ्हाळ चालू होतं. कढईतून वाफ निघत होती, गरम रसाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आप्पा अंगणात चिपाडाच्या ढिगाजवळ उभे होते. साठीचे गृहस्थ, डोक्याला टॉवेल. मला रामराम केला. गाडीबद्दल एक शब्द नाही. त्यांना मुलीचा हा छंद कळत नाही, पण त्यांनी तो कधी अडवलाही नाही.

मी गाडीत बसले. पट्टा लावला. उसामधल्या रिकाम्या रस्त्यावर तेजूनं तिसऱ्या गिअरला गाडी हळू धरली आणि एकदम पाय दाबला. पाठ सीटला चिकटली. आणि पुढून आवाज आला, फडफडफडफड, एखादं मोठं पाखरू पिशवीत अडकल्यासारखा. बूस्टचा काटा थरथरला. मग पुढं गाडी सुटली ती सुटलीच.

"ऐकलंत? भारी ना? विक्रमदादाच्या गाडीला येत नाही हा आवाज."

आणि मला सांगायला लाज वाटते, मला तो आवाज आवडला. मी म्हणाले, "परत एकदा कर."

तीन-चार वेळा वर-खाली करून आम्ही गुऱ्हाळासमोर आलो. आप्पा रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते. हातात वाटी होती, माझ्यासाठी गरम काकवी. मी काच खाली केली.

"ताई," ते म्हणाले, "मला गाडीतलं काय कळत न्हाई. पर एक इचारू का?"

"विचारा की."

"मोटर मोठी बसवलीय व्हय? पाइप धडका मारतुया."

तेजू हसली. "आप्पा, तो टर्बोचा आवाज आहे. असाच असतो."

"असंल बया. पर आपल्या नदीवरच्या पाइपाला तुज्या चुलत्यानं, दादासायबानं, दहाची मोटर जोडली व्हती न्हवं का, तवा त्यो असाच वाजायचा. लांबून. फडाफडा, फडाफडा. पाणी जायला जागा नसली म्हंजी ते माघारी येतं आन् मोटरीलाच मारतं. पंधरा दिवसांत बेरिंग गेलं."

मी काकवीची वाटी हातात धरून बसले. विहीर, बांध, काठीनं काढलेली आकृती, सगळं समोर आलं. तेच शब्द. मोठी मोटर, बारीक पाइप. मला ते ह्या भागातल्या एका माणसानं शिकवलं होतं, आणि दुसऱ्यानं आठवण करून दिली. मी स्वतः मधली सगळी वर्षं काय मिरवत होते कोण जाणे.

"तेजू, गाडी बंद कर," मी म्हणाले. "आप्पांचं बरोबर आहे. हा सर्ज आहे."

"पण मॅपवर तर..."

"मॅपवर काठावर होतं. लहान टर्बाइन लवकर जागं झालं, त्यानं मोठा पंखा लवकर फिरवला, आणि तुझं इंजिन त्या वेळी अठ्ठावीसशेवर. तेवढी हवा घेतंय कुठं? मी हिशेब तीन हजारापासून वरचा धरला. खालचा धरलाच नाही. वैशालीनं सांगितलं होतं. चूक माझी आहे."

गाडी हळूहळू चौफुल्याला आणली. आप्पा बरोबर आले. ते वर्कशॉपमध्ये पहिल्यांदाच येत होते. सोमवारी तेजूनं सुट्टी टाकली आणि वैशालीनं तिच्यासमोर टर्बो उघडला. आत नाण्याएवढा एक पितळी तुकडा असतो, थ्रस्ट बेअरिंग. पंख्याचा दांडा पुढं-मागं सरकू नये म्हणून. तीन-चार दिवसांतच त्याच्यावर चरे पडले होते. बोटानं दांडा हलवला तर हलत होता.

"अजून किती चालला असता?" तेजूनं विचारलं.

वैशाली खोटं बोलत नाही. "कदाचित रेसपर्यंत. मग पंखा टर्बोच्या आतल्या भिंतीला लागला असता आणि तुकडे इंजिनात."

तेजूनं तो तुकडा उचलून उजेडात धरला. दोन वर्षांच्या सुट्ट्या तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या असणार. मला वाटलं, आता ही मला दोन शब्द ऐकवेल. ऐकवायला पाहिजे होते. ती म्हणाली, "मग पूर्ण मोठाच बसवू का? टर्बाइनही मोठं. त्याला सर्ज येणार नाही."

"सर्ज येणार नाही. ताकदही येणार नाही, वळण संपेपर्यंत."

"दोनशे वीसवर मी ग्रुपवर काय तोंड दाखवू?"

"सांग, आजीला म्हातारपणी दिसत नाही. साइज चुकली."

ती हसली नाही. आप्पा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बॅलन्सिंग मशीन बघत होते. तिकडंच बघत ते म्हणाले, "दादासायबानं दहाची केली, तवा मला लई जण म्हनले, आप्पा, तुमीबी बदला. मी पाचचीच ठिवली. कुणी काय म्हनायचं ते म्हनले. तेजा, आपला ऊस कवा वाळला का गं?"

तेजूनं डोळे पुसले. घाम होता म्हणाली. मग टेबलापाशी आली आणि नारळाएवढा टर्बो दोन्ही हातांनी उचलला.

"हा बसवा, वैशालीताई."

त्या टर्बोत दोन्ही पंखे एकमेकांच्या मापाचे होते. वैशालीनं ह्या वेळी मॅपवर बावीसशेपासून पाच-पाचशेच्या टप्प्यानं ठिपके काढले. मी चहा पीत शेजारी बसले आणि एकदाही तोंड उघडलं नाही. सगळे ठिपके कांद्याच्या पोटात पडले. एकोणतीसशेला पूर्ण बूस्ट. डायनोवर दोनशे अठरा. तेजूनं तोही कागद ग्रुपवर टाकला. विक्रमनं हसण्याची तीन चित्रं पाठवली.

रेसच्या दिवशी आम्ही सगळे न्हावऱ्याच्या माळावर. मुरूम उडत होता, मी तोंडाला पदर बांधून बसले. प्रत्येकाला पाच राउंड, पाचांची वेळ मिळवून नंबर. विक्रमचा दुसरा राउंड त्या दिवशीचा सगळ्यांत वेगवान होता. खोटं कशाला सांगू, बघायला मजा आली. पण बाकीच्या राउंडला त्याची ताकद यायची ती वळणाच्या मध्यावर यायची, आणि मागचं चाक कोन घेऊन जायचं. एकदा दोन, एकदा तीन.

तेजूच्या गाडीला काही आवाज नव्हता. वळण, पाय, वळण, पाय. शिलाई मशीनवर बसल्यासारखी. पाचही राउंडच्या वेळांत अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. एकही कोन पडला नाही. बारामतीचा एक जण पहिला आला, तेजू दुसरी.

पुण्याच्या टीमचे एक गृहस्थ आले. टोपी, हातात कागद. म्हणाले, "बॉनेट उघडता का?" बघितलं. परत बघितलं. "एवढाच टर्बो?"

"एवढाच."

"कोणी निवडला?"

मी पदर सोडून जरा सरळ बसले. तेजूनं लांब गाडीच्या सावलीत उभ्या असलेल्या आप्पांकडं बोट केलं.

"वडिलांनी. ते ऊस भिजवतात."

त्या गृहस्थांना काही कळलं नाही. पण आठवड्यानं फोन आला, सीट तेजूला मिळाली म्हणून. पहिला आलेला मुलगा दुसऱ्या टीमचा होता. आणि ह्यांना एका वेगवान राउंडपेक्षा पाच सारखे राउंड पाहिजे होते. राहूहून आमच्याकडं पाच किलोची गुळाची ढेप आली. तिच्यामागोमाग दोन दिवसांनी विक्रम आला. दारातच उभा राहिला.

"आजी, माझ्या गाडीचा पाइप किती इंची हाय, तेवढं बघा."

"ग्रुपवर सांगशील का, बघायला आलो होतो म्हणून?"

"न्हाई."

"मग बस. चहा घे."

त्या महिन्यात मी एकदा दौंडला गेले. शेखसाहेब आता ऐंशीच्या पुढं आहेत. कारखाना सुटल्यापासून मी त्यांना मामा म्हणते. नजर कमी झालीय, पण बोटं तशीच. मी पिशवीतून हायब्रिडचा मोठा पंखा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा एकेका पात्यावरून फिरवला. मग बेअरिंगचा तुकडा दिला. चऱ्यांवरून नख ओढलं.

"सर्ज," ते म्हणाले. "कुणी निवडला?"

"मी."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "परत जीप?"

"परत जीप, मामा."

"आणि ह्या वेळी ढकलली कुणी?"

"एका गुऱ्हाळवाल्यानं. सुनेनं आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

मामा बराच वेळ नुसते हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. मग म्हणाले, "तुझ्या नशिबात ढकलणारी माणसं चांगली आहेत, बेटा." पंखा त्यांनी मला परत दिला नाही. खिडकीत ठेवून घेतला.

त्यांचं म्हणणं खरं आहे. मी आयुष्यात चढावर जितक्या वेळा अडकले, तितक्या वेळा कुणीतरी बाह्या वर करून उतरलं. एकानंही नंतर गावभर सांगितलं नाही. म्हणून मीच सांगतेय.

वर्कशॉपमध्ये आता दोन नियम केलेत. मॅपवर ठिपके वैशाली काढणार, आणि काठावरचा ठिपका बाहेरचा धरायचा. दुसरा नियम टेस्ट ड्राइव्हचा. गाडी सोडण्याआधी ऊस भिजवणारा कुणीतरी बोलावून रस्त्याच्या कडेला उभा करायचा. गाडीत बसलेल्यांना तो आवाज आवडतो. काय बिघडलंय ते बाहेर उभ्या असलेल्याला कळतं.